परसाकडं, टमरेल आणि टोपली

"परसाकडं जाऊन येतो." संडासला जायचं असलं की गावाकडची म्हातारी माणसं अजूनही असंच म्हणतात. परस म्हणजे घरामागची मोकळी जागा, जिथं आळू-केळी लावलेली असायची आणि सांडपाणी सोडलेलं असायचं, तिकडं जायचं म्हणून परसाकडं. पुढं जागा बदलली, वस्ती दाटली, लोक पार ओढ्याकाठी जायला लागले तरी शब्द तोच राहिला. कुणी म्हणायचं टमरेल घेऊन गेलाय. टमरेल म्हणजे पत्र्याचा डबा, तो हातात दिसला की वाटेत कुणी कुठं निघालात म्हणून विचारत नाही. शाळेत तर तोंडही उघडायला लागत नाही, करंगळी वर केली की बाईंना कळतं.

पायखाना फारसीतनं आला, शौच संस्कृतातनं, आणि शौचचा मूळ अर्थ तर शुद्धता.

पण "टोपलीचा संडास" हा शब्द जरा थांबून ऐका. जुन्या वाड्यांत, चाळींत संडास उंच जोत्यावर असायचा, खाली टोपली नाहीतर डबा, आणि मागच्या बोळात एक छोटं दार. त्या दारातनं कुणीतरी हात घालून ती टोपली ओढायचं, खरवडायचं, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत न्यायचं, रोज, पावसातपण. वापरणाऱ्यानं त्या माणसाचं तोंडही पाहिलेलं नसायचं. आणि हे काम जातीनं ठरलेलं होतं, हे विसरून शब्दांच्या गमतीजमती सांगण्यात काही अर्थ नाही असं मला मनापासून वाटतं.

कोकणातले गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धन १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात होते. त्यांनी भंगीकाम करू द्या म्हणून मागणी केली, ती नाकारली तर त्यांनी अन्न कमी केलं, आणि त्यांच्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही उपोषण सुरू केलं. एका ब्राह्मणानं हे काम मागून घेणं त्या काळात केवढं मोठं होतं! मैला वाहून नेण्यावर बंदीचा कायदा मात्र १९९३ला आला, २०१३ला तो आणखी कडक केला, तरीही गटारात उतरून माणसं मरतायत.

सरकारनं स्वच्छतेच्या मोहिमेसाठी शब्द निवडला तो एकदम रोखठोक, हागणदारीमुक्त गाव. आधी चारचौघांत उच्चारायला लाजायचे तो शब्द वेशीवरच्या पाटीवर रंगवला गेला आणि उघड्यावर बसणाऱ्यांना अडवायला पहाटे शिट्ट्या मारत गुडमॉर्निंग पथकं फिरायला लागली. ज्या बायका दिवसभर पोट दाबून अंधार पडायची वाट बघायच्या, त्यांच्यासाठी घरात संडास होणं ही किती मोठी गोष्ट आहे ते त्यांनाच विचारा.