पिशवीभर ट्यूबा

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ तपासायला आले आणि खुर्चीत बसायच्या आधी त्यांनी माझ्या टेबलावर एक पिशवी उपडी केली. सतरा ट्यूबा निघाल्या. काही निम्म्या पिळलेल्या, काहींची नुसती टोपणं उघडलेली. "यातलं एकही लागू पडलं नाही," म्हणाले. विमा नाही, नोकरी आज आहे उद्या नाही अशी, आणि आता इंजेक्शनं घ्यायची म्हणून कर्ज काढायच्या बेतात होते. मी एकेक ट्यूब वाचत गेले. बहुतेक औषधं चांगली होती. तीन तर एकच औषध होती, नावं तेवढी वेगळी.

आज मी त्या पिशवीबद्दल बोलणार आहे. सोरायसिसचा खर्च म्हटला की आपल्याला महागडी इंजेक्शनं आठवतात. विमा नसलेल्या माणसाचे पैसे मात्र बरेचदा तिथवर पोचतच नाहीत. ते असे सुटे सुटे झिरपून जातात. एक ट्यूब चार दिवस लावायची, पाचव्या दिवशी गुण नाही म्हणून दुसरी आणायची.

चार दिवसांत गुण येत नाही, कारण हा आजार आतून चालतो. त्वचेची पेशी तळाशी तयार होऊन वर येऊन गळून पडायला साधारण महिना घेते. सोरायसिसमध्ये प्रतिकारशक्ती चाळवलेली असते, त्यामुळे हेच काम काही दिवसांत उरकतं आणि खपल्यांचे थर साचतात. हा वेग मलमाने कमी होतो, पण त्याला आठवडे लागतात. आजार ताब्यात ठेवता येतो, कायमचा जात नाही. म्हणून 'मुळापासून बरा करतो' असं कुणी सांगितलं की पाकीट खिशात ठेवायचं. अशा काही 'वनस्पतीजन्य' मलमांमध्ये न सांगता तीव्र स्टेरॉइड घातलेलं आढळलं आहे. पहिल्या आठवड्यात जादू दिसते ती त्याचीच.

पहिला खर्च निदानावर करा, तिथे काटकसर नको. नायटा आणि सोरायसिस लांबून सारखे दिसू शकतात, आणि नायट्यावर स्टेरॉइड लावलं की तो फोफावतो. खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं ही साधी तपासणी आहे. वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या रुग्णालयात त्वचारोग विभाग असतो, तिथे बहुधा कमी पैशांत काम होतं. रांग लागते, चार विद्यार्थी येऊन पाठ बघून जातात, संकोच वाटतो. पण तिथे लेखी निदान आणि उपचारांचा आराखडा मिळतो. तो कागद घेऊन पुढचे महिने नेहमीच्या डॉक्टरांकडे जाता येतं, दर वेळी तज्ज्ञ लागत नाही. औषध लिहून घेताना मूळ रसायनाचं नाव मागा. माझ्या त्या गृहस्थांनी ते मागितलं असतं, तर एकच मलम तीनदा विकत घेतलं नसतं.

आता किती लावायचं. हे फार कमी लोकांना कुणी सांगितलेलं असतं. ट्यूबमधून तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेघेपर्यंत मलमाची पट्टी काढा. ते साधारण अर्धा ग्रॅम भरतं आणि आपल्याच हाताच्या दोन पंजांएवढ्या जागेला पुरतं. बोटांसह एक पंजा म्हणजे शरीराचा सुमारे १ टक्का. चट्टे पाच पंजांएवढे असतील तर एका वेळेला सव्वा ग्रॅम, म्हणजे दिवसातून एकदा लावलं तर १५ ग्रॅमची ट्यूब बारा दिवसांत संपायला हवी. तुमची ट्यूब तीन महिने पुरत असेल तर तुम्ही काटकसर करत नाही आहात, औषध वाया घालवत आहात. उलट टोकही आहे. क्लोबेटासोलसारखं तीव्र स्टेरॉइड आठवड्याला ५० ग्रॅमच्या वर आणि सलग दोन आठवड्यांच्या पुढे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. चेहऱ्यावर आणि जांघेत तर स्वतःच्या मनाने कधीच नको. आराम पडला की हळूहळू कमी करत आणायचं.

कॅल्सिपोट्रिऑल (ड जीवनसत्त्वासारखं औषध) आणि बीटामेथासोन (स्टेरॉइड) एकत्र असलेलं मलम उत्तम आहे, पण महाग पडत असेल तर दोन्ही वेगवेगळी घेऊन एक सकाळी, एक रात्री लावता येतात का, हे डॉक्टरांना विचारा. त्यांच्यासोबत खपल्या काढायचं सॅलिसिलिक अ‍ॅसिड मात्र एकाच वेळी लावू नका. त्याने कॅल्सिपोट्रिऑल निकामी होतं. पैसे जातात आणि कळतही नाही. अंघोळीनंतर अंग ओलसर असताना साधी पेट्रोलियम जेली चोपडणं, हा या यादीतला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय.

कोल टार, म्हणजे डांबराचं मलम, आज कुणी अभिमानाने लिहून देत नाही. वास येतो, चादरी डागाळतात. पण १९२५ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या डॉ. गोकरमन यांनी टार आणि अतिनील किरण यांची जोडी जमवली, आणि ती अजून मोडीत निघालेली नाही. जुने कपडे राखून ठेवा आणि रात्री लावा.

प्रकाशोपचाराचं गणित मी दोनदा करायला सांगते. ३११ नॅनोमीटरच्या आसपासच्या अतिनील किरणांची सत्रं आठवड्यातून तीनदा, अशी वीस-तीस घ्यावी लागतात. एका सत्राचे पैसे कमी असतील, पण प्रवास आणि बुडालेली मजुरी धरली की चित्र बदलतं. नेदरलँड्समध्ये झालेला एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात घरच्या यंत्रावरचा उपचार रुग्णालयातल्याइतकाच गुणकारी ठरला. घरचं यंत्र एकदाच घ्यावं लागतं, पण मात्रा ठरवायला डॉक्टर हवेतच. उन्हात तासन्‌तास पडून राहणं हा याचा पर्याय नाही, कारण भाजलेल्या जागी नवे चट्टे उठतात.

मलम पुरत नसेल तर इंजेक्शनांच्या आधी मेथोट्रेक्सेटचा, म्हणजे चाळवलेली प्रतिकारशक्ती आवरणाऱ्या औषधाचा विचार होतो. १९५० च्या दशकापासून ते सोरायसिसवर वापरात आहे, आणि जुनं असल्यामुळे स्वस्त. हे आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत, म्हणून वार ठरवून तो डबीवर मोठ्या अक्षरांत लिहा. रक्तपेशी, यकृत, मूत्रपिंड यांच्या तपासण्यांचे पैसे औषधाच्या किमतीतच धरा, त्या टाळून हे औषध घ्यायचं नाही. दारू बंद. गरोदरपण असेल किंवा मूल हवं असेल तर हे औषध नाही, आणि ट्रायमेथोप्रिम असलेलं प्रतिजैविक यासोबत चालत नाही.

बरं, तरीही इंजेक्शन लागलंच तर? अ‍ॅडालिमुमॅबसारख्या इंजेक्शनांची बायोसिमिलर, म्हणजे दुसऱ्या उत्पादकांनी बनवलेली जवळपास तशीच रूपं आली आहेत, ती मूळ औषधापेक्षा बहुधा स्वस्त असतात. काही उत्पादक उत्पन्न बघून सवलत देतात. औषधांच्या चाचण्यांमध्ये औषध आणि तपासण्या फुकट असतात, पण हाती निष्क्रिय औषधही येऊ शकतं. दोन्हीकडे सही करायच्या आधी एकच विचारा, मुदत संपल्यावर माझं काय?

सवलतीसाठी करायच्या अर्जांत लोक 'त्वचेचा त्रास' लिहितात आणि समोरचा त्याला सौंदर्याचा प्रश्न समजतो. २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वोच्च सभेने, म्हणजे जागतिक आरोग्य सभेने, सोरायसिसवर खास ठराव करून हा दीर्घकालीन, वेदनादायक, माणसाला दुबळं करणारा आजार असल्याचं मान्य केलं आहे. तेच शब्द अर्जात वापरा. किती पंजे चट्टे आहेत ते लिहा. आजाराचा रोजच्या जगण्यावरचा परिणाम मोजणारी दहा प्रश्नांची एक प्रश्नावली त्वचारोग विभागांत वापरतात, तिचे गुण ३० पैकी असतात; १० च्या वर गेले की त्रास मोठा समजतात. तो आकडा डॉक्टरांकडून कागदावर घ्या.

त्या गृहस्थांचं सांगायचं राहिलं. ट्यूबा वाचून झाल्यावर मी त्यांचे हात बघितले. नखांवर सुईने टोचल्यासारखे खड्डे होते. सकाळी बोटं आखडतात का, विचारलं. "तासभर तरी. ते वयामुळे असेल," म्हणाले. वय होतं एकेचाळीस. त्यांना सोरायसिसचा सांधेदाह होता, आणि झिजलेला सांधा मलमाने किंवा प्रकाशाने भरून येत नाही. त्यांच्या बाबतीत स्वस्तातला उपचार मेथोट्रेक्सेटच होता, मात्र सांध्यांच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली. सतरांपैकी दोन ट्यूबा आम्ही ठेवल्या.

तर प्रश्नोत्तरांना सुरुवात करण्याआधी सगळ्यांनी आपापली नखं बघा. ज्यांना तसे खड्डे दिसतील, किंवा सकाळी बोटं, टाचा, कंबर आखडत असेल, त्यांनी आधी पुढे या.