फादर डेमियन : हात लावणारा माणूस

(सेमिनरी हिल्स, पहाट)

आज १० मे. नागपूरच्या मे महिन्यात सात वाजताच ऊन चटकायला लागतं, म्हणून सेमिनरी हिल्सवर फिरायला येणारे लोक साडेपाचलाच येऊन जातात. बालोद्यान सगळ्यांना माहिती आहे, पण या भागाला सेमिनरी का म्हणतात ते विचारा, बरेच जण थांबतात. इथे सेंट चार्ल्स सेमिनरी आहे, फादर होण्याचं शिक्षण घेतात ती जागा. कॅथलिक चर्चच्या कॅलेंडरमध्ये आजचा दिवस फादर डेमियन यांचा. ते नागपूरला कधी आले नाहीत, त्यांचं सगळं आयुष्य बेल्जियम आणि हवाई बेटांत गेलं. तरी ही गोष्ट विदर्भातल्या माणसाला परकी वाटणार नाही, कारण ही गोष्ट कुष्ठरोगाची आहे आणि त्याचं नाव आपल्या घरांमध्ये अजूनही हळू आवाजात घेतात.

मी लहान असताना देवळाच्या पायऱ्यांवर हातापायाला पट्ट्या बांधलेली माणसं बसलेली असायची. आई प्रत्येकाला नाणं द्यायची, कधी कोणाला चुकवलं नाही तिने, पण द्यायची ते वरून. वीतभर वरून सोडायची, हात लागू नये म्हणून. नाणं वाटीत पडल्याचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. ती वाईट नव्हती हो, तिच्या आईने तिला तसंच शिकवलं होतं.

(नकाशा : हवाई बेटं, मोलोकाई)

जोझेफ डी व्हेस्टर. जन्म ३ जानेवारी १८४०, बेल्जियममधलं ट्रेमेलो नावाचं गाव, घर शेतकऱ्याचं. संन्यासी झाल्यावर नाव घेतलं डेमियन. हवाईला खरं तर त्यांचा मोठा भाऊ जाणार होता, तो आजारी पडला, म्हणून हे गेले, मार्च १८६४ मध्ये होनोलुलूला पोचले आणि दोनच महिन्यांनी तिथेच फादर झाले.

पुढच्याच वर्षी हवाईच्या राजाने कायदा केला, कुष्ठरोग झालेल्यांना वेगळं काढायचं, आणि १८६६ पासून माणसं बोटीत भरून मोलोकाई बेटाच्या एका टोकाला नेऊन सोडायला सुरुवात झाली. तीन बाजूंनी समुद्र आणि चौथ्या बाजूला सरळ उभा कडा, पळून जाणार कुठे? आईपासून लेकरू तोडलं, नवऱ्यापासून बायको तोडली. तिथले लोक या आजाराला आपल्या भाषेत ताटातूट करणारा आजार म्हणायचे. आजारापेक्षा ताटातूट मोठी वाटली त्यांना. आणि हे फक्त तिकडचं, जुनं म्हणून सोडून देऊ नका, आपल्या देशात २०१९ पर्यंत कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कायदेशीर कारण होतं.

चार फादर तिथे आळीपाळीने जायला तयार झाले होते. पहिली पाळी डेमियन यांची. १० मे १८७३ ला ते उतरले, वय ३३, आणि पुढे पाळी बदललीच नाही, मरेपर्यंत सोळा वर्षं ते तिथेच राहिले. राहायला घर नव्हतं तर सुरुवातीचे दिवस चर्चजवळच्या एका झाडाखाली झोपले. आपल्या केवड्याच्या जातीचं झाड आहे ते.

आता जरा त्यांच्या जेवणाचं बघू, कारण मला वाटतं सगळी गोष्ट तिथेच आहे. हवाईत पोई खातात, अळूचे कंद उकडून, कुटून केलेला चिकट लगदा, मध्ये एक भांडं आणि सगळ्यांनी बोटं बुडवून खायचं. फादर त्याच भांड्यात बोटं घालायचे. ज्यांच्या बोटांवर जखमा आहेत, ज्यांची बोटं झडत आलीत, त्यांच्याच भांड्यात. स्वतःचा पाईप सुद्धा त्यांना ओढायला द्यायचे. जखमा धुवायचे, पट्ट्या बांधायचे, सुतारकाम येत होतं म्हणून घरं बांधली, लांबून पाईप टाकून पाणी आणलं, शवपेट्या ठोकल्या, कबरी खणल्या. प्रवचनाला उभे राहिले की "माझ्या बंधूंनो" नाही म्हणायचे, "आम्ही कुष्ठरोगी" म्हणायचे. हे त्यांनी भावाला पत्रात लिहिलंय १८७३ मध्येच, तेव्हा त्यांना आजार झालेला नव्हता.

त्याच १८७३ मध्ये, ते मोलोकाईला पोचायच्या दोन-अडीच महिने आधी, नॉर्वेमध्ये डॉक्टर हॅन्सन यांनी मायक्रोस्कोपखाली या आजाराचा जंतू पाहिला. म्हणजे हा शाप नाही, पाप नाही, एक जंतू आहे. पण औषध यायला अजून कितीतरी वर्षं होती.

डिसेंबर १८८४. फादरांनी दमून भागून पाय गरम पाण्यात घातला, पाणी उकळतं होतं, कातडीवर फोड आले आणि त्यांना काहीच जाणवलं नाही. फोडांकडे बघूनच त्यांना कळलं. दुसऱ्यांच्या पायांवर तेच त्यांनी अकरा वर्षं पाहिलं होतं.

हे इथे जरा नीट सांगतो. कुष्ठरोगात बोटं आपोआप गळून पडत नाहीत. जंतू नसांवर बसतो, नस बधिर होते, मग भाजलेलं कळत नाही, खुपलेलं कळत नाही, जखम चिघळते आणि बोट आखडत जातं. आमच्या ओळखीतल्या एका काकूंचं असंच झालं, पोळी उलटताना तव्याला बोटं लागायची, फोड यायचे आणि त्या म्हणायच्या, "काही नाही गं, दुखत तर नाहीये." दुखत नाहीये, तोच तर आजार होता! पाठीवर फिकट चट्टा होता, तो घरच्यांना दोन वर्षं दाखवला नाही, लोक काय म्हणतील म्हणून. शेवटी घरोघरी तपासणीला आलेल्या आशाताईंनी पकडला. सरकारी दवाखान्यात एमडीटीच्या, म्हणजे एकापेक्षा जास्त औषधं एकत्र असलेल्या, गोळ्या फुकट मिळतात, सहा महिने किंवा बारा महिने घ्यायच्या, आणि औषध सुरू झालं की लवकरच लागण होण्याची भीती संपते. काकू बऱ्या झाल्या, पण दोन बोटं वाकडी राहिली ती राहिलीच.

(सेवाग्राम, परचुरे कुटी)

नागपूरहून दीडेक तासावर सेवाग्राम आहे, तिथे परचुरे शास्त्रींची कुटी बघता येते. त्यांना कुष्ठरोग होता आणि गांधीजी स्वतःच्या हाताने त्यांना मालिश करायचे. दुसऱ्या वाटेने वरोऱ्याला गेलं की आनंदवन. ते उभं करणारे बाबा आमटे आधी तुळशीराम नावाच्या कुष्ठरोग्याला पाहून घाबरून पळाले होते, मग परत फिरले. ते परत फिरणं मला फार मोठं वाटतं.

(फादर डेमियन यांचा शेवटच्या काळातला फोटो)

गोल चष्मा, टोपी, चेहरा सुजलेला, एक हात झोळीत अडकवलेला. शेवटी मदतीला माणसं आली, ब्रदर जोसेफ डटन, मदर मॅरिअन कोप, ती माणसं नंतरही तिथेच राहिली. १५ एप्रिल १८८९ ला फादर गेले, वय ४९. पहिल्या रात्री ज्या झाडाखाली झोपले होते त्याखालीच त्यांना पुरलं.

१९३६ मध्ये बेल्जियमने त्यांचं शव मायदेशी नेलं, ल्यूव्हेनला. मोलोकाईच्या लोकांना ती आणखी एक ताटातूटच. २००९ मध्ये पोपनी त्यांना संत घोषित केलं, पण त्याआधी १९९५ मध्ये बेल्जियमहून एक पेटी परत मोलोकाईला आली. त्यात त्यांचा उजवा हात होता, पोईच्या भांड्यात जाणारा, पट्ट्या बांधणारा. तो त्यांच्या जुन्या कबरीत ठेवला.