तीन आरमारांची एक पाणबुडी

श्रोतेहो, नमस्कार.

लढाईत न उतरता एखाद्या देशाच्या पदरात लढाऊ पाणबुडी पडावी, आणि तीही कायद्याने! पहिल्या महायुद्धात हॉलंडला अशा दोन मिळाल्या. त्यातल्या एकीची, ‘ओ ८’ची, आज हकिकत सांगतो.

तिचा जन्म १९१५ चा, कॅनडात मॉन्ट्रियलला. आराखडा अमेरिकन कंपनीचा, गिऱ्हाईक ब्रिटन. पण अमेरिका तेव्हा तटस्थ, लढणाऱ्या देशाला पाणबुडी बांधून देणं अडचणीचं. म्हणून जुळणी सरहद्दीपलीकडे केली. पळवाट काढावी तर अशी! ब्रिटिशांनी तिला ‘एच ६’ म्हटलं. लांबी जेमतेम ४६ मीटर, पुढच्या टोकाला टॉर्पेडोच्या चार नळ्या, आत वीस-बावीस माणसं.

जानेवारी १९१६ मध्ये उत्तर समुद्रात गस्त घालताना ती श्खिरमोनिकोख या डच बेटाजवळ वाळूत रुतली. तो किनारा मोठा फसवा. ओहोटीला लांबच लांब चिखल उघडा पडतो आणि वाळूचे दांडे सरकत राहतात, त्यामुळे जुन्या नकाशावर भरवसा ठेवायची सोय नाही. कप्तानासह काहीजणांना एका ब्रिटिश विनाशिकेने उचलून नेलं. बाकीचे बोटीसकट डचांच्या ताब्यात गेले. १९०७ चा हेग करार स्पष्ट होता: हद्दीत अडकलेली लढाऊ बोट तटस्थ देशाने युद्ध संपेपर्यंत समुद्रावर जाऊ द्यायची नाही.

धडधाकट बोट धक्क्याला गंजत ठेवण्यापेक्षा डचांनी ती १९१७ मध्ये ब्रिटनकडून रीतसर विकत घेतली आणि नाव ठेवलं ‘ओ ८’. गंमत म्हणजे, नोव्हेंबर १९१५ मध्ये तेर्स्खेलिंग या डच बेटाजवळ जर्मनांची ‘यूसी ८’ अशीच फसली होती. पाणसुरुंग पेरणारी ती बोटही त्यांनी घेतली, नाव ठेवलं ‘एम १’. एकमेकींच्या जिवावर उठलेल्या दोघी, बांधल्या एकाच दावणीला! माझ्या मते, तटस्थ राहण्यातला हा व्यवहार डचांइतका कुणाला साधला नाही.

‘ओ ८’ने पुढे वीसहून अधिक वर्षं डच आरमारात काढली. पण दुसऱ्या महायुद्धात तटस्थपणा कामी आला नाही. मे १९४० मध्ये डेन हेल्डर या डच बंदराच्या गोदीत ती जर्मनांच्या हाती लागली. ‘यूडी १’ नावाने तिच्यावर जर्मन खलाशी पाणबुडीचं शिक्षण घेऊ लागले. मे १९४५ मध्ये जर्मनांनी ती आपल्याच कील बंदरात स्वतःच बुडवली. तिचे पहिले मालक, ब्रिटिश, तेव्हा कीलच्या वेशीपाशी येऊन ठेपले होते.