आधी उजेड, मग लेन्स, शेवटी कॅमेरा

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘खेळांच्या फोटोंसाठी कॅमेरा आणि टेलिफोटो लेन्सची निवड’. कॅमेऱ्यावर मी येणार आहे, पण शेवटी, कारण खरेदीचा क्रमही तोच हवा. दुकानात पहिला प्रश्न असतो, मेगापिक्सेल किती आणि झूम किती? मैदानावर उजेड किती, हे कोणी विचारत नाही. आपल्याकडच्या कबड्डीच्या स्पर्धा बहुतेक रात्री रंगतात, म्हणून आज कबड्डीच धरून बोलू.

पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर. चढाई ३० सेकंदांची, पण फोटो असतो तो पकडीतून निसटून चढाईपटू मध्यरेषेकडे झेपावतो त्या क्षणाचा. तो हात गोठवायला १/१००० सेकंदाचं शटर लागतं. १/५०० ला चेहरा स्वच्छ येईल, बोटं पुसली जातील. गावातल्या फ्लडलाइटखाली एफ २.८ (लेन्सचं छिद्र; आकडा लहान तेवढं छिद्र मोठं) ठेवून १/१००० घेतलं तर आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, साधारण ६४०० वर जातो. आता त्याच जागी ७०-३०० मिमीची स्वस्तातली झूम लेन्स लावा. लांबच्या टोकाला ती एफ ५.६ वर गेलेली असते. म्हणजे दोन स्टॉप कमी, उजेड एक चतुर्थांश. मग आयएसओ २५६०० करा, नाहीतर शटर १/२५० वर आणा; एकात दाणेदार फोटो, दुसऱ्यात हललेला. ‘पण लेन्सला स्टॅबिलायझर आहे की!’ आहे ना. तो तुमचा हात स्थिर करतो. चढाईपटूचा पाय स्थिर करायचं काम कोपरारक्षकाचं!

आता माझी जुनी तक्रार. दिवे घेताना आयोजक वॅट बघतात, झगमगाट बघतात, लुकलुक बघत नाहीत. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधा ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणारं सर्किट) असलेला एलईडी किंवा मेटल हॅलाइड दिवा सेकंदाला १०० वेळा मंदावतो. डोळ्यांना ते कळत नाही. पण १/१००० चं शटर त्या चक्राचा दहावा भागच टिपतं. म्हणून सलग काढलेल्या फोटोंत एक लख्ख येतो, पुढचा काळपट-पिवळा. त्यात मेकॅनिकल शटरची फट वरून खाली सरकायला साधारण १/२५० सेकंद घेते, त्यामुळे एकाच फोटोत डोकं उजळ आणि पाय अंधारात, असंही होतं. इलेक्ट्रॉनिक शटरवर, सेन्सर पूर्ण वाचायला १/५० सेकंद लागत असेल, तर सरळ दोन आडवे पट्टे. रंगच बदललेले असल्यामुळे हे नंतर संगणकावर धड सुधारत नाही.

उपाय आहेत. सामन्याआधी कॅमेरा एखाद्या पांढऱ्या भिंतीकडे रोखून १/१००० वर वीसेक फोटो सलग काढा आणि बारीक चित्रांच्या पडद्यावर एकत्र बघा; फरक लगेच दिसतो. दिसला तर मेकॅनिकल शटर लावा आणि अँटी-फ्लिकर सुरू करा. कॅमेरा दिवा सर्वांत तेजस्वी होईपर्यंत थांबून फोटो घेतो. सेकंदाचे दोन-चार फोटो कमी पडतात, पडू द्या. आणि आयोजकांना विनंती करा, की शेजारशेजारचे दिवे वीजतंत्र्याकडून वेगवेगळ्या फेजवर जोडून घ्या. एक मंदावतो तेव्हा दुसरा तेजीत असतो. नवे दिवे न घेताही लुकलुक बरीच कमी होते. ही एक गोष्ट सगळ्या मंडळांनी मनावर घ्यावी, असं मला फार वाटतं.

चिठ्ठी आलीय, दहाच मिनिटं उरलीत. लेन्सकडे वळतो.

हिशेब सोपा आहे. फुल फ्रेमवर (३६ मिमी रुंद सेन्सर) ३६ ला खेळाडूच्या मीटरमधल्या अंतरानं गुणा, फोकल लेंथनं, म्हणजे लेन्सवरच्या मिमीच्या आकड्यानं, भागा. चौकटीची लांब बाजू मैदानावर किती मीटर व्यापते ते कळतं. १० मीटरवर २०० मिमी, तर १.८ मीटर: कॅमेरा उभा धरला तर माणूस डोक्यापासून पायापर्यंत. म्हणून कबड्डीला ७०-२०० एफ २.८ पुरते. बसायचं बाजूच्या रेषेबाहेर, मध्यरेषेच्या जरा अलीकडे, चढाईपटूच्या स्वतःच्या अर्ध्यात. परतताना त्याचा चेहरा समोर येतो. बजेट कमी असेल तर एपीएस-सी (लहान सेन्सरच्या) बॉडीवर ८५ मिमी एफ १.८ लावा, तिथे ३६ ऐवजी २४ धरायचे. क्रिकेट वेगळं. सीमारेषेवरून ७० मीटरवर ४०० मिमीलासुद्धा ६.३ मीटरची चौकट येते, फलंदाज लहानच. तिथे ५००-६०० लागते, पण दिवसाचा सामना असेल तर एफ ५.६ किंवा ६.३ चालते. मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) मात्र हवाच.

जुनी लेन्स घेताना मागून टॉर्च मारून बघा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत आत बुरशीचे धागे धरतात. निकॉनच्या जुन्या एएफ-डी लेन्स नव्या मिररलेस बॉडीला जोडणाऱ्या एफटीझेड अडॅप्टरवर ऑटोफोकस करत नाहीत, कारण अडॅप्टरमध्ये मोटर नाही; स्वतःची मोटर असलेल्या एएफ-एस करतात.

आता कॅमेरा, भराभर. सलग फोकस घेणारी पद्धत चांगली हवी, अँटी-फ्लिकर हवं, सेकंदाला १० फोटो पुरे. २०-२४ मेगापिक्सेल भरपूर झाले. सात जणांच्या घोळक्यात डोळा शोधणारा फोकस भलत्याच चेहऱ्यावर उडी मारतो. लहान झोन निवडून चढाईपटूच्या जर्सीवर ठेवा. आणि बफर, म्हणजे कार्डावर जाण्याआधी फोटो थांबतात ती कॅमेऱ्यातली जागा, किती ते विचारा. २४ मेगापिक्सेलची रॉ (प्रक्रिया न केलेली) फाइल २५ एमबीच्या आसपास, दहा म्हणजे सेकंदाला २५० एमबी. व्ही३० कार्ड हमी देतं सेकंदाला सलग ३० एमबी लिहिण्याची. बफर भरला की कॅमेरा अडतो, आणि तो अडतो नेमका पकडीच्या वेळी. म्हणून व्ही९० कार्ड घ्या, नाहीतर जेपीईजीवर काढा, आणि बोट दाबायचं ते चढाईपटूनं निदानरेषा (चढाईत ओलांडावीच लागते ती रेषा) ओलांडल्यावर.