पांढऱ्यात पांढरं

(दृश्य : डिचोली बसस्थानक, सकाळ)

पणजीला जाणारी कदंब बस. खिडकीकडच्या काकी मांडीवरची पिशवी काही केल्या खाली ठेवत नाहीत. आत दोन वर्षांपूर्वीचा मॅमोग्राम, म्हणजे स्तनांचा एक्स-रे आहे, रेशनकार्डाच्या फाइलीत जपलेला.

(दृश्य : एक्स-रे कक्ष)

"काकी, पावडर लावून आलात?"

"घामाचे दिवस गे बाय, लावली थोडी."

पुसायला ओलं फडकं मिळतं. मग स्तन दोन पट्ट्यांमध्ये दाबला जातो. दुखतं, पण काही सेकंदच. वरून एक, तिरकी एक. दोन्ही बाजू मिळून चार चित्रं.

(दृश्य : अंधारी खोली, मॉनिटर)

चरबी काळपट दिसते, दुधाच्या ग्रंथी पांढऱ्या. पंचाईत अशी की गाठही पांढरीच. ग्रंथी दाट असल्या की तिला हुडकणं म्हणजे मिठागरात साखरेचा खडा शोधणं. स्तनात साठणारे चुन्याचे (कॅल्शियमचे) कण तर कधी अर्ध्या मिलिमीटरहून बारीक.

संगणकाला हे चित्र दिसतं ते आकड्यांच्या तक्त्यासारखं, ठिपक्यागणिक एक आकडा, उजेडाचा. आजूबाजूपेक्षा एकदम उजळ कण, त्यांचा पुंजका, एका बिंदूकडे ओढल्यासारख्या रेषा, असं काही आढळलं की तो तिथे खूण करतो.

अमेरिकेत अशा पहिल्या प्रणालीला १९९८ साली मान्यता मिळाली. पण ती उठसूट खुणा करायची. २००७ च्या एका मोठ्या अभ्यासात निदानाची अचूकता उलट घटलेली दिसली. ज्यांना काहीच झालेलं नव्हतं अशाही बायकांना पुन्हा बोलावणं जाऊ लागलं. त्या रात्रींचा हिशेब कुठल्या तक्त्यात नाही.

आताच्या प्रणाली लाखो चित्रांवरून स्वतः शिकतात. स्वीडनमध्ये ८० हजारांहून अधिक स्त्रियांच्या चाचणीत, २०२३ च्या निष्कर्षांनुसार, डॉक्टरांचं वाचनाचं काम ४४ टक्क्यांनी कमी झालं, आणि कर्करोग सापडण्यात घट झाली नाही. मात्र तिथे एकेक मॅमोग्राम दोन डॉक्टर वाचतात; बचत झाली ती बहुतेक दुसऱ्या वाचनाची. हे विसरून तो आकडा इथे मिरवण्यात अर्थ नाही.

(दृश्य : पडद्यावर दोन वर्तुळं)

काकींच्या चित्रावर दोन खुणा. पहिली काखेजवळ, बारीक पांढरे कण. डॉक्टर हसतात. पावडर पुसायची राहिली! पुन्हा पुसून चित्र काढलं, कण गायब.

दुसरी खूण आत आहे, वाटोळी. इथे हसू नाही.

"काकी, जुना फोटो आणलात?"

पिशवी उघडते. दोन्ही चित्रं शेजारी लागतात. माउसने माप घेतलं जातं, एकदा, मग पुन्हा. तीच जागा, तेच माप.

"चहा घेऊन या," डॉक्टर म्हणतात, "तोवर रिपोर्ट लिहिते."