माल कुठपर्यंत कोणाचा?

विद्यार्थी मित्रहो, आंतरराष्ट्रीय व्यवसाय हा विषय विद्यापीठात शिकताना काय अनुभवाला आले ते प्रथम वर्षाच्या वर्गापुढे मांडावे, असे विभागाने सुचवले, तेव्हा मी माझ्या जुन्या वह्या पुन्हा उघडल्या. निरनिराळ्या विषयांच्या पानांवर समासात मी एकच प्रश्न लिहून ठेवलेला दिसला: इथे जोखीम कोणाची आणि कुठपर्यंत? आज त्या प्रश्नापुरतेच बोलणार आहे.

पहिल्या सत्रात आम्हाला डेव्हिड रिकार्डो या अर्थशास्त्रज्ञाने १८१७ साली मांडलेला तुलनात्मक लाभाचा सिद्धान्त शिकवला गेला. त्याच्या उदाहरणात ठरावीक कापड तयार करायला इंग्लंडमध्ये वर्षभर १०० माणसे लागतात आणि ठरावीक द्राक्षमद्याला १२०. पोर्तुगालमध्ये त्याच कामांना अनुक्रमे ९० आणि ८० माणसे पुरतात. दोन्ही वस्तू पोर्तुगालमध्ये कमी श्रमांत होत असूनही त्याने मद्यच करावे आणि कापड इंग्लंडकडून घ्यावे, यात दोघांचाही फायदा आहे, हे फळ्यावर सिद्ध झाले तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. मात्र कापडाचे काम सुटलेल्या त्या ९० माणसांनी दुसरे काम हाती येईपर्यंत घर कसे चालवायचे, याला त्या गणितात जागा नाही. समासातला प्रश्न मी पहिल्यांदा लिहिला तो याच पानावर.

दुसऱ्या वर्षी इन्कोटर्म्स आले, म्हणजे खर्च आणि जोखीम विक्रेत्याकडून खरेदीदाराकडे कुठे जाते हे ठरवणारे व्यापारी संज्ञांचे नियम. इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने १९३६ साली प्रथम प्रसिद्ध केलेल्या या नियमांच्या २०२० च्या आवृत्तीत ११ संज्ञा आहेत आणि त्या पाठ करायला एक संध्याकाळ पुरते. समजायला मला वेळ लागला तो सीआयएफचा, म्हणजे ‘किंमत, विमा आणि भाडे’ या संज्ञेचा. त्यात विक्रेता पोहोचीच्या बंदरापर्यंतचे जहाजभाडे आणि विमा भरतो, म्हणून तिथपर्यंत जबाबदारीही त्याचीच असणार, असे मी धरून चालले होते. प्रत्यक्षात माल निघतीच्या बंदरात जहाजावर चढला की जोखीम खरेदीदाराकडे जाते. खर्च एका बंदरापर्यंत आणि जोखीम दुसऱ्या बंदरापर्यंत, ही फारकत नजरेतून सुटल्यामुळे परीक्षेत माझे पूर्ण उत्तर चुकले होते. २३ मार्च २०२१ रोजी एव्हर गिव्हन हे जहाज सुएझ कालव्यात आडवे अडकले आणि २९ मार्चला मोकळे झाले. त्यानंतर जहाजमालकाने जनरल ॲव्हरेज जाहीर केले, म्हणजे जहाज वाचवण्याच्या असाधारण खर्चात मालाच्या मालकांनीही आपापला वाटा उचलायचा. ज्यांच्या कंटेनरला धक्काही लागला नव्हता, त्यांनाही त्या वाट्याची हमी द्यावी लागणार होती. जोखीम हा शब्द मला त्या दिवसांत खऱ्या अर्थाने कळला.

पण सर्वांत जास्त शिकवले ते पतपत्राने (लेटर ऑफ क्रेडिट), ज्याला व्यवहारात सगळे एलसी म्हणतात. एकमेकांना कधीही न भेटलेल्या दोन व्यापाऱ्यांपैकी एकाला पैशाआधी माल पाठवायचा नसतो आणि दुसऱ्याला मालाआधी पैसे द्यायचे नसतात. तेव्हा बँक मध्ये उभी राहते आणि ठरलेली कागदपत्रे ठरल्याप्रमाणे आली तर पैसे देण्याची हमी घेते. आमच्या अध्यापकांनी वर्गात एक संपूर्ण व्यवहार उभा केला होता. माझा गट विक्रेत्याचा होता. एलसीमध्ये मालाचे वर्णन ‘हातमागाचे सुती कापड’ असे होते. मी बीजकात घाईने ‘सुती कापड’ एवढेच लिहिले आणि बँक झालेल्या गटाने आमचे कागद परत केले. माल तोच आहे, हवे तर उघडून पाहा, असे मी तावातावाने सांगत राहिले. अध्यापकांनी शांतपणे यूसीपी ६०० या एलसीसाठीच्या, २००७ पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतील पाचवे कलम वाचायला दिले: बँका कागदपत्रांचा व्यवहार करतात, मालाचा नाही. पुढे अठरावे कलमही वाचले. बीजकातले वर्णन एलसीशी जुळलेच पाहिजे. इतर कागदांत मात्र, चौदाव्या कलमानुसार, विसंगत नसलेले ढोबळ वर्णन चालते. बँकेचा हा काटेकोरपणा मला त्या दिवशी अन्यायाचा वाटला होता. आज वाटते की, दूरच्या खरेदीदाराला मालाचा एक धागाही न पाहता पैसे सोडता येतात, ते याच काटेकोरपणाच्या आधारावर.

संस्कृतीवरच्या तासांबद्दल थोडेच सांगते. गेर्ट हॉफस्टेड या संशोधकांनी आयबीएमच्या कर्मचाऱ्यांच्या सर्वेक्षणावरून देशादेशांच्या संस्कृतींची तुलना गुणांकांत मांडली आणि ते गुणांक समाजांचे आहेत, व्यक्तींचे नव्हेत, असेही स्पष्ट केले. तरीही आमच्या गटातली परदेशी मैत्रीण बैठकीत गप्प राहते, याचे कारण आम्ही त्या तक्त्यांत शोधत बसलो. बऱ्याच दिवसांनी विचारले तेव्हा कळले की, ती रात्रपाळी करून येत होती आणि बैठकीची वेळ आम्ही तिला न विचारता ठरवली होती.

विभागाकडे माझी एक मागणी आहे. बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर घेतल्याची वाहतूकदाराची पावती), विमापत्र, बीजक आणि एलसी यांचा एक पूर्ण संच आम्हाला दुसऱ्या वर्षाच्या शेवटी हाताळायला मिळाला. तो पहिल्या सत्रातच, रिकार्डोच्या सोबतीने, प्रत्येकाच्या हाती द्यावा.