पाइनवूडमधला तोफखाना

पडद्यावर दिसणारी ही छावणी १९४० सालच्या इंग्लंडमधली असल्याचे कथानक सांगते; प्रत्यक्षात ती १९७६ च्या मे महिन्यात, लंडनजवळच्या पाइनवूड स्टुडिओच्या आवारात उभारलेली होती. ‘कॅरी ऑन’ या ब्रिटिश विनोदी चित्रपटमालिकेतला अठ्ठाविसावा चित्रपट, ‘कॅरी ऑन इंग्लंड’, येथे चित्रित होत होता.

निर्माते पीटर रॉजर्स आणि दिग्दर्शक जेराल्ड थॉमस या जोडीने १९५८ साली लष्करी प्रशिक्षणावरच्या चित्रपटाने ही मालिका सुरू केली, तेव्हा त्याचा खर्च सुमारे ७५ हजार पौंड होता. पैसा वाचवण्याची त्यांची रीत ठरलेली होती: चित्रीकरण काही आठवड्यांत उरकायचे, नटांना बेताचेच मानधन द्यायचे आणि परदेश दाखवायचा तोही घरच्याच भूमीवर. त्यामुळे खैबर खिंड वेल्सच्या डोंगरात सापडली आणि सहारा वाळवंट ससेक्सच्या किनाऱ्यावर. या काटकसरीचेही प्रेक्षकांना हसू येई, कारण समोर सिड जेम्स, केनेथ विल्यम्स, हॅटी जॅक्स यांच्यासारखी ओळखीची माणसे असत.

नेमकी तीच माणसे या चित्रपटात नाहीत. चित्रीकरण सुरू होण्याच्या आठवडाभर आधी, २६ एप्रिल रोजी, सिड जेम्स यांचा संडरलँड येथे रंगमंचावरच कोसळून मृत्यू झाला होता, तर वीस चित्रपट लिहिणारे टॅलबट रॉथवेल प्रकृतीमुळे आधीच निवृत्त झाले होते.

कथेचा विषय मात्र खरोखर चांगला होता. विमानवेधी तोफखान्यात स्त्री-पुरुषांच्या मिश्र तुकड्या ब्रिटनने १९४१ पासून खरोखरच उभ्या केल्या. शत्रूच्या विमानाची उंची आणि दिशा मोजण्याचे काम स्त्रिया करीत, प्रत्यक्ष तोफ डागणे तेवढे पुरुषांकडे राखलेले असे. पंतप्रधान चर्चिल यांची कन्या मेरी हिनेही अशाच तुकडीत सेवा केली. चित्रपटाने यातून शिस्तप्रिय कॅप्टन आणि एकमेकांत गुंतलेले शिपाई एवढेच उचलले. केनेथ कॉनर यांनी रंगवलेल्या या कॅप्टनचे नाव एस. मेली, आद्याक्षर आडनावाला जोडून वाचले की इंग्रजीत त्याचा अर्थ ‘दुर्गंधीयुक्त’ असा होतो. विनोदाची जात यावरून कळावी.

या मालिकेची गंमत न बोललेल्या अर्ध्या वाक्यात असे. येथे मात्र नग्नता उघडच दाखवल्याने चित्रपटाला चौदा वर्षांखालील मुलांना मज्जाव करणारे ‘एए’ प्रमाणपत्र मिळाले, आणि सहकुटुंब येणारा प्रेक्षकच दाराबाहेर राहिला. पुढे काटछाट करून सौम्य प्रमाणपत्र मिळवण्यात आले, पण काही चित्रपटगृहांनी हा चित्रपट अवघ्या काही दिवसांतच उतरवला होता.

तरीही सार्जंट मेजर ब्लूमर झालेले विंडसर डेव्हिस लक्षात राहतात. ते आणि त्यांच्यासोबत या चित्रपटात असलेले मेल्विन हेज हे दोघेही तेव्हा बीबीसीच्या एका विनोदी मालिकेमुळे ब्रिटनमध्ये घरोघरी पोहोचले होते. त्या मालिकेतली छावणी होती नाशिकजवळच्या देवळालीची. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत गोरे सैनिक जेथे कंटाळून जात आणि जिच्या नावावरून ‘डूलाली’, म्हणजे डोके फिरलेला, हा शब्द इंग्रजीत रुजला, तीच ही देवळाली. तेथे सार्जंट मेजर म्हणून गाजवलेला आपला दरारा डेव्हिस यांनी पाइनवूडच्या तोफखान्यात जवळजवळ जसाच्या तसा आणला.